भांगात गोळी नाही

आधी भांग म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हीही त्या हॉस्पिटलातल्या सिस्टरसारखं भलतंच समजाल. अमावस्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, आणि त्या ओढीवरच आमची डोल जाळी भरतात. मग अष्टमीच्या सुमाराला पाणी मरगळतं. ना धड भरती, ना धड ओहोटी. त्याला भांग म्हणायचं. भांगात बोटी बंदरात उभ्या, पुरुष वाळूत बसून जाळी शिवणार आणि दिवसभर बायकांचं डोकं खाणार. आम्ही पाचूबंदरचे ख्रिस्ती कोळी. रविवारी मिस्साला जातो, पण समुद्र तिथीवर चालतो, त्याला आम्ही काय करणार? म्हणून घरात चर्चच्या कॅलेंडरशेजारी तिथीचं कॅलेंडर टांगलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर बघितलं जातं ते दुसरंच.

माझा नवरा जोसेफ तांडेल. म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कुठे सोडायचं, कधी परत फिरायचं, हे ठरवणारा. पाखाडीत, म्हणजे आमच्या वस्तीत, त्याच्या शब्दाला मान होता. वारा बघून तो म्हणाला नको, तर आजूबाजूच्या बोटीही सुटत नसत. मी त्याची बायको मालू. पापडीच्या बाजारात म्हावरं विकते. सोसायटीतल्या बायकांशी घासाघीस करून करून माझं बोलणं सरळ झालंय, पण जोसेफचं पाणी शेवटपर्यंत पानीच राहिलं. शेवटपर्यंत म्हणजे बोलत होता तोवर. माणूस अजून आहे. ओट्यावर बसलेला असतो.

प्रेशर सापडलं ते चर्चच्या हॉलमध्ये. मिस्सानंतर तपासणीचं शिबिर ठेवलं होतं, फुकटात चहा-बिस्किटं होती म्हणून हा गेला. डॉक्टरीणबाई अमिषा म्हणून, तरुण पोर, पण समजावून सांगायची चांगलं. तिनं याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला आणि परत भरली. मग याला एका बाजूला बसवून विचारलं, डोकं दुखतं का, चक्कर येते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. जोसेफ म्हणाला, बाई, मला काहीच होत नाही, मी बैल आहे. ती म्हणाली, हेच तर वाईट आहे, यात माणसाला काहीच होत नाही आणि आत नसा झिजत राहतात. रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. सुकट-बोंबील कमी, खारं बंद, जेवणात वरून मीठ नाही. कोळ्याला खारं बंद म्हणजे भटजीला दक्षिणा बंद. तरी आणल्यापासून गोळ्या त्यानं नीट घेतल्या, ते मात्र खोटं बोलणार नाही.

गोळ्या संपत आल्या तेव्हा मी त्याला परत दाखवायला नेलं. माझ्या मागे लागण्यामुळेच आला. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला, आकडा बघितला, हसल्या आणि म्हणाल्या, “छान. प्रेशर खाली आलंय.”

बाई चांगलंच बोलली हो. पण हे ऐकणारा तांडेल होता.

रिक्षातून घरी निघालो. किल्ल्याजवळ आलो तेव्हा मला विचारलं, पहिल्यांदा मोजलं तेव्हा तिथी कोणती होती? मी म्हटलं, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार होता. आणि आज? आज अष्टमी. भांग आहे म्हणून तर तू घरात सापडलास. त्यानं मांडीवर अशी थाप मारली की रिक्षावाल्यानं वळून बघितलं.

“उधानात चढलं, भांगात उतरलं,” जोसेफ म्हणाला. “मानसाच्या अंगात तरी काय हाय, पानीच ना?”

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात नवं शास्त्र सुरू झालं. तेरसेपासून तिजेपर्यंत गोळी, मग बंद. भांगात गोळी नाही. पाणी मेलेलंच असताना त्याला आणखी मारायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, गोळीच्या पाकिटावर तिथी छापलीय का रे? त्यावर म्हणतो, डॉक्टरीण रस्त्यावरच्या बिल्डिंगमध्ये राहते, तिला पानी काय कळनार. मी म्हटलं, मग एकदा भांगात मोजून तरी बघ. तर म्हणतो, भांगात चढतच नाही तर मोजायचं कशाला? आता या माणसापुढे कुठे डोकं आपटायचं ते सांगा. पालथ्या घड्यावर पाणी. आणि खारं परत सुरू झालं, भांगात चालतं म्हणून.

बरं, हा एकटाच वेडा असता तर निभावलं असतं. पण जोसेफ तांडेलनं सांगितलं म्हणजे दगडावरची रेघ. शेजारचा गॉडफ्रे, त्यालाही प्रेशर, तोही तिथीवर गोळी घ्यायला लागला. मग त्याचा मेहुणा. वर्षभरात अर्धी पाखाडी औषधाच्या पुड्या तिथीच्या कॅलेंडरला पिना मारून टांगायला लागली. फादरांना कळलं तेव्हा ते वेदीवरून रागावले. त्या रविवारी सगळ्यांनी माना हलवल्या आणि घरी येऊन कॅलेंडर बघितलं.

दोन वर्षं असंच चाललं. या दोन वर्षांत जोसेफला काही म्हणता काही झालं नाही, आणि तेच त्याच्या शास्त्राचं बळ. मग एका अष्टमीला तो वाळूत पडला.

अष्टमीलाच. ऐन भांगात. हे मी पुन्हा सांगते, कारण हे कुणाला ऐकायचंच नसतं. जाळं शिवत बसला होता, हातातली सुई गळाली, उचलायला गेला तर उजवा हात उठेना. तोंड एका बाजूला गेलं. मी चहा घेऊन चालले होते, मला वाटलं, चेष्टा करतोय. जेसननं आणि गॉडफ्रेनं उचलून रिक्षात घातलं. जेसन आमचा एकुलता एक मुलगा, बापाबरोबर बोटीवर जायचा. रिक्षात बापाचं डोकं मांडीवर घेऊन तो सारखा पप्पा पप्पा करत होता आणि जोसेफ काहीतरी सांगायला बघत होता. किती धडपडला तो. शेवटी एक शब्द बाहेर पडला. भांग.

तो त्याचा शेवटचा शब्द म्हटला तरी चालेल, आणि गंमत बघा, तोच शब्द तो अजून बोलतोय. मेंदूतली नस फुटली होती. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली, पण एवढा एक शब्द गळाला लागल्यासारखा अडकून राहिला. हॉस्पिटलात पाणी हवं तरी भांग, लघवीला लागली तरी भांग. सिस्टर घाटावरची होती. तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, बाबा रोज प्यायचे का हो भांग? मी हसले. नवरा आत नळ्या लावून पडलेला, आणि मी व्हरांड्यात भिंतीला टेकून खदाखदा हसले. हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही.

तिथल्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, असं होतं पुष्कळ जणांचं. सगळी भाषा जाते, एखादा शब्द राहतो. कुणाचा देवाचा राहतो, कुणाची शिवी राहते. त्याला अर्थ नसतो, त्यांना हवा असतो दुसराच शब्द आणि तोंडातून निघतो तो एकच. हे मी नीट लक्षात ठेवलं. घरी आल्यावर मला सूर कळायला लागला. लांबट भांग म्हणजे पाणी, तुटक म्हणजे नको, दोनदा म्हटलं की कूस बदलायची. घरी फादर ख्रिस्तशरीर द्यायला आले की आमेनच्या जागी भांग. फादर बिचारे मान खाली घालून पुढची प्रार्थना म्हणायचे.

आता जेसनचं सांगते. माझा जीव टांगलाय तो तिथे.

बाप हॉस्पिटलात असताना डॉक्टरांनी जेसनलाही पट्टा बांधला. घराण्यात असतं म्हणाले. तिसाव्या वर्षी पोराचं प्रेशर बापाच्या पहिल्या आकड्याच्या जवळ. डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले, याला रोज गोळी गेली तर हा म्हातारा होईल, नाही गेली तर वडिलांच्या वयापर्यंत थांबावंसुद्धा लागणार नाही. एवढं स्पष्ट. जेसननं मान हलवली, गोळ्या घेतल्या, घरी आला. बापाच्या जागी तांडेल झाला. आणि तेरस येईपर्यंत गोळीला हात लावला नाही.

मी म्हटलं, मेल्या, तुझा बाप भांगातच पडला ना? भांगात प्रेशर नसतं तर नस फुटली कशी? तो म्हणाला, त्या दिवशी ऊन होतं. गॉडफ्रे म्हणाला, जोसेफनं मागच्या उधाणाला गोळी चुकवली असणार. गॉडफ्रेचा मेहुणा म्हणाला, नजर लागली. सगळ्यांकडे उत्तर तयार. आणि गॉडफ्रे स्वतः आपल्या पायांनी चालतोय, तिथीवर गोळ्या घेतोय, धडधाकट आहे. तो समोर उभा राहिला की माझं बोलणं कोण ऐकणार? देव काही माणसांना दुसऱ्यांची फजिती करायला जिवंत ठेवतो.

अमिषाबाईंकडे मी एकटीच गेले. त्यांनी मला समजावलं. मशीनवर आकडा बरोबर आला तो गोळीमुळे आला, म्हणून गोळी सोडायची नसते. एका गोळीचं बळ एक दिवस, फार तर थोडं जास्त. एका गोळीनं त्रास होत असेल तर दुसरी आहे, बोटीवर सारखी लघवी लागत असेल तर बदलून देते, फक्त त्याला पाठवा. मला एकदम उमगलं. घरी येऊन जेसनला म्हटलं, अरे, बोटीत पाणी झिरपतं की नाही? रोज उपसतोस की नाही? मग भांगात काय झिरपायचं थांबतं?

जेसन हसला आणि म्हणाला, भांगात बोट वाळूवर ओढून ठेवतो मम्मी. तेव्हा नाही झिरपत.

बापाचाच बेटा. तोंडात मारून जातो आणि वर हसतो.

सून मेलिसा माझ्या बाजूची. राजोडीची पोर, शांत, पण पोटात बाळ असल्यापासून तिलाही धीर राहिला नव्हता. तिनं एकदा गोळी कुटून त्याच्या चहात घातली. पहिल्या घोटालाच त्यानं ओळखलं. ओरडला नाही, कप ठेवून उठला, आणि त्या दिवसापासून घरचा चहा सोडला. बंदरावरच्या टपरीवर पितो. सुकट मी तीन पाण्यातून काढून शिजवायचे, तर बोटीवर स्वतःचा खाऱ्याचा डबा वेगळा. सकाळी उठला की मान चोळायचा. कधी नाकातून रक्त यायचं, तर म्हणायचा, उष्णता. मी सगळं बघत होते आणि बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

एकदा भर दुपारी मी त्याला धरलंच. मेलिसा दवाखान्यात गेली होती. मी म्हटलं, जेसन, तू खुळा नाहीस. मोबाइलवर सगळं वाचतोस. तिथीचं खूळ आहे हे तुला कळतं. मग का असं करतोस? तो जाळ्याच्या दोरीला गाठी मारत बसला होता. माझ्याकडे न बघताच बोलला.

“मी रोज गोळी घेतली म्हणजे पप्पा चुकला. म्हणजे त्यानं स्वतःच स्वतःला पाडलं. आख्खी पाखाडी तेच बोलेल. तो ओट्यावर बसून ऐकेल. ते मी नाय करणार.”

माझा राग गळूनच गेला. मेलं, प्रेमच ते, पण कसलं? हा पोरगा बापाला खोटं पाडायला नको म्हणून मरायला तयार. त्या दिवशी मला कळलं की यात डॉक्टरचं काम नाही, फादरचं नाही, माझं तर नाहीच. जोसेफनं बांधलेली गाठ जोसेफनंच सोडायला हवी. तो स्वतः म्हणाला, रोज घे, तरच जेसन ऐकेल. आणि जोसेफकडे सगळे मिळून शब्द एक.

पण मी कोळीण आहे. मासा नाही म्हणून बाजारात बसायचं सोडत नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. संध्याकाळी आम्ही रोजरी म्हणतो, माळेच्या मण्यांवर एकामागून एक प्रार्थना. तेव्हा जोसेफ सुरात गुणगुणतो. शब्द स्पष्ट नसतात, पण चाल बरोबर असते, आणि मधूनच एखादा तुकडा खरा निघतो. लहानपणापासून घोटलेलं ते कुठेतरी दुसऱ्या कप्प्यात राहिलं असावं. मला वाटलं, रोजरी या शब्दातच रोज आहे. री काढून टाकली की काम झालं.

मी शिकवायला लागले. दुपारी बाजारातून आले की पाटी बाजूला ठेवायची, हातपाय धुवायचे आणि ओट्यावर त्याच्यासमोर बसायचं. त्याच्या डाव्या हातात माळ द्यायची आणि म्हणायचं, जोसेफ, म्हण, रोज-री. तो म्हणायचा भांग. रोज-री. भांग. पाखाडीतल्या बाया येता-जाता हसायच्या, मालूनं पोपट पाळला म्हणून. हसा, म्हटलं. जोसेफ चिडायचा. कधी माळ फेकून द्यायचा, कधी डोळ्यांतून पाणी यायचं. मी त्याला सगळं सांगितलं होतं. सांगितलं होतं की जेसनचं प्रेशर तुझ्याएवढं आहे, तो तुझ्या तिथीवर चाललाय, आणि तू बोललास तरच थांबेल. त्याला कळत होतं, शंभर टक्के कळत होतं. ऐकताना त्याचा डावा हात ओट्याच्या कडेवर आपटत होता.

पावसाळा गेला, बोटी सुटल्या, दिवाळी आली. आणि एका दुपारी तो म्हणाला, रो. तो परत म्हणाला, रो. मग ओठ वाकडे करून, घाम फुटेपर्यंत जोर लावून म्हणाला, रोज. स्पष्ट नाही, पण रोज. मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून मुका घेतला. भर ओट्यावर, साठीची बाई. मेलिसा आतून धावत आली, तिलाही ऐकवलं. तो परत म्हणाला. आम्ही दोघी वेड्यासारख्या रडलो, आणि तोही आमच्याबरोबर हसला, अर्ध्या तोंडानं.

त्यानंतर रोज थोडं थोडं जमायला लागलं. पाच वेळा भांग, एकदा रोज. कधी तीन वेळा भांग, एकदा रोज. जेसनला मी काही सांगितलं नाही. म्हटलं, पक्कं होऊ दे. पण मधल्या एका सकाळी जेसन उठला आणि म्हणाला, उजव्या डोळ्याला धूसर दिसतंय. तोंड धुतलं, थोड्या वेळानं बरं वाटलं, तर म्हणतो, झोप झाली नाही. जोसेफ पडला त्या सकाळी त्यालाही असंच धूसर दिसलं होतं. म्हटलं, आता थांबायचं नाही. अमिषाबाईंकडे चल म्हटलं, तर म्हणतो उधाण उतरल्यावर बघू, आधी जाळी लावायचीत.

त्या दिवशी नवमी होती. भांग सरत आला होता आणि बोटी निघायच्या तयारीत होत्या. बर्फ भरला, डिझेल भरलं. जेसन पिशवी खांद्याला लावून घरातून निघाला. मी त्याला दारात अडवलं. म्हटलं, दोन मिनिटं बापाजवळ बस, त्याला तुला काही सांगायचंय. जेसननं माझ्याकडे बघितलं, आणि माझं तोंड बघून त्याला ती बाब थट्टेची वाटली नाही. पिशवी खाली ठेवून तो बापापुढे उकिडवा बसला.

मी जोसेफच्या डाव्या तळहातावर गोळी ठेवली. ती सकाळीच कापून ठेवली होती पाकिटातून. त्यानं तो हात मुलापुढे धरला. गॉडफ्रे त्याच्या दारात उभा राहून बघत होता. मेलिसा पोटावर हात ठेवून माझ्या मागे उभी होती.

“सांग जोसेफ,” मी म्हटलं.

तो जेसनकडे बघत होता. मी चाळीस वर्षांत त्याला असं कुणाकडे बघताना पाहिलं नाही, वादळात पण नाही. ओठ हलले. रो. जेसनच्या कपाळावर आठी आली, तो पुढे वाकला. रो, जोसेफ म्हणाला, रो. मानेची शीर तटतटून वर आली. मी मनातल्या मनात म्हणत होते, ज, ज, फक्त ज बोल, देवा, एवढा एक ज दे. जोसेफनं डोळे मिटले, सगळा जोर लावला आणि तोंड उघडलं.

“भांग,” तो म्हणाला.

जेसनचा चेहरा सैल झाला. तो हसला, अगदी मायेनं हसला, आणि त्यानं बापाची बोटं गोळीवरून मिटून मूठ बंद केली.

“हो पप्पा,” तो म्हणाला. “भांग आहे. माहीताय मला. नाय घेत.”

मी ओरडले, त्याला हे म्हणायचं नाही, त्याला रोज म्हणायचंय, काल म्हणाला तो, मेलिसाला विचार. मेलिसा म्हणाली, खरंच रे, आम्ही ऐकलंय. जेसननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, टेन्शन नको घेऊस मम्मी, तेरसेला चालू करतो, बोटीवर नेल्यात गोळ्या. त्याला वाटलं, मी नेहमीसारखी माझंच म्हणणं बापाच्या तोंडात घालतेय. त्याचंही चुकलं नाही. बापाला त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पिशवी उचलली आणि तो धक्क्याकडे चालू लागला.

तेव्हा जोसेफ ओरडायला लागला. इतक्या महिन्यांत तो एवढ्या मोठ्यानं कधी बोलला नव्हता. भांग. भांग. डाव्या हातानं ओट्याची कड धरून अर्धा उठला, पडता पडता मी सावरला, तरी तोंड बंद होईना. भांग, भांग, सगळ्या पाखाडीला ऐकू जाईल असं. मला त्याचा सूर कळत होता. मला अक्षर न् अक्षर कळत होतं. नको जाऊ, मी चुकलो, रोज घे, रोज घे. पण रस्त्यावरून ऐकणाऱ्याला ऐकू येत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

वळणावर जेसननं मागे न बघता हात वर केला. समजलं, असा.

“बघ,” गॉडफ्रे त्याच्या बायकोला म्हणाला, “हातपाय गेले तरी तांडेल पोराला शिकवतोच हाय.”

बोटीचं इंजिन सुरू झालं. जोसेफचा आवाज फाटला होता, तरी तो थांबत नव्हता. दारादारांतून माणसं डोकावून बघत होती, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या घरात गोळ्या कॅलेंडरला टांगलेल्या होत्या. ज्या तोंडातून एक शब्द काढायला मी सगळा पावसाळा घालवला, त्या तोंडावर मी माझा हात दाबून ठेवला. मेलिसानं त्याची मूठ उघडली, तर आत गोळीचा घामानं भिजून पांढरा चिखल झाला होता. माझ्या तळहाताखाली त्याचे ओठ अजून तेच म्हणत होते.